तेहतीस इंची मनसब

दिल्लीच्या तख्तावर कोणी का बसेना, त्या नगरीत माणसाची किंमत नेहमी आकड्यांतच ठरत आलेली आहे. अकबर बादशहाने दहापासून दहा हजारांपर्यंतच्या मनसबी निर्माण करून दरबारातील प्रत्येक इसमाच्या कपाळी एकेक संख्या लावून दिली आणि कोणी पुढे उभे राहावयाचे, कोणी मागे सरकावयाचे, कोणी कोणास आधी कुर्निसात करावयाचा, ह्या साऱ्या नाजूक प्रश्नांचा निकाल त्या संख्येवरून बिनबोभाट लागू लागला. 12 मे 1666 रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजारी सरदारांच्या रांगेत मागे उभे करण्यात आले तेव्हा जो भडका उडाला, तोही ह्याच आकड्यांच्या हिशेबातून. पुढे मोगल गेले आणि इंग्रज आले, त्यांनी संस्थानिकांसाठी तोफांच्या सलाम्यांचे आकडे ठरविले. इंग्रज गेले आणि सचिवालये उभी राहिली, त्यांनी वेतनश्रेणींचे आकडे आणले. गेल्या काही वर्षांत मात्र राजधानीच्या परिसरात, विशेषेकरून गुडगाव आणि नोएडा येथील सेक्टरांतून, एक नवीनच मनसबदारी रूढ झाली आहे. तिचे एकक इंच हे असून, ती मनसबदाराच्या गाडीच्या चाकांवर चढविलेली असते. कोणी एकतीस इंची, कोणी तेहतीस इंची. आणि पस्तीस इंची सरदार चौकातील सिग्नलपाशी शेजारी येऊन उभा राहिला की तेहतीस इंचीवाल्याची नजर जी खाली वळते, ती पाहून जुन्या बखरकारांचा लेखणीसाठी हात शिवशिवला असता.

मनसबीची दोन अंगे असत हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. ‘जात’ म्हणजे खुद्द सरदाराचा दर्जा आणि त्याचा तनखा; आणि ‘सवार’ म्हणजे त्याने पदरी बाळगावयाचे घोडेस्वार. ही दोन अंगे कालांतराने एकमेकांपासून इतकी दूर गेली की शहाजहानच्या अमदानीत नेमून दिलेल्या सवारांपैकी तिसरा किंवा चौथा हिस्सा प्रत्यक्ष हजर केला तरी सरकार समाधान मानू लागले. ज्याने ही सध्याची जुनी दिल्ली वसविली त्या बादशहाची ही उदार दृष्टी त्याच्या नगरीने अद्यापि टाकलेली नाही. चिखल, वाळू आणि दगडधोंडे तुडविण्यासाठी म्हणून जे टायर येथे विकले जातात, त्यांची कोणी खरोखरीच हजेरी घेतली, तर चिखल पाहिलेल्या टायरांनी शहाजहानचा चौथा हिस्सा तरी भरून निघेल की नाही, याची मला दाट शंका आहे. जात शाबूत आहे, सवारांचे काय ते विचारू नये.

ह्या मनसबदारीचे वाहन बहुतकरून थार हे असते. 2020 सालच्या गांधी जयंतीच्या दिवशी सध्याच्या रूपातील थार विक्रीस आली, म्हणजे अहिंसेच्या पुजाऱ्याच्या जन्मदिनी हे उग्र स्वरूपाचे अपत्य अवतरले, हा योगायोग गंमतीचा खरा. परंतु महाराष्ट्रीयांस अधिक जिव्हाळ्याची बाब अशी की ती आमच्या नाशकात तयार होते, आणि तेथून निघून राजपुतान्याच्या वाळवंटाचे नाव धारण करून गुडगावच्या बहुमजली इमारतींच्या तळघरात येऊन विसावते. तिची मोठी बहीण रॉक्स ही 2024 च्या स्वातंत्र्यदिनी आली. 2025 च्या सप्टेंबरात पूर्व दिल्लीतील निर्माण विहार येथे अशीच एक कोरी रॉक्स दालनातून बाहेर काढण्यापूर्वी शास्त्राप्रमाणे चाकाखाली लिंबू चिरडण्याचा विधी चालू असता, पाय जरा अधिक दाबला गेला आणि लिंबासह पहिल्या मजल्याची काचही पार करून गाडी खालच्या रस्त्यावर उलटी येऊन पडली. आतील मंडळी वाचली, म्हणूनच हा प्रसंग येथे सांगता येतो. गाडीचे सामर्थ्य आणि ते वापरण्याचा प्रसंग यांत येथे किती अंतर असते हे त्या लिंबाइतके चोख कोणी सांगितलेले नाही. थार नको असेल त्याला जिम्नी आहे, जी खुद्द गुडगावातच तयार होते. आणि 1985 साली आलेल्या ज्या जिप्सीने पुढे लष्कराची इमानेइतबारे चाकरी केली, तिच्या जुन्या प्रती विकत घेऊन त्यांस नवीन पाय लावणारे रसिकही ह्या शहरात पुष्कळ आहेत.

आता ह्या वाहनांस उंचीची गरज किती, हे पाहू. दिल्ली हे सपाटीवरचे शहर आहे. अरवली पर्वत येथवर येता येता इतका थकून जातो की त्याच्या शेपटाला येथील लोक ‘रिज’ म्हणतात आणि तीवर सकाळी फिरायला जातात. रस्त्यावरील खरा अडथळा म्हणजे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे तो मध्यभागी दहा सेंटिमीटर उंच असावा. थारचे पोट जमिनीपासून 226 मिलिमीटरवर असते. म्हणजे एकावर एक असे दोन शास्त्रोक्त गतिरोधक रचले, तरी कारखान्यातून निघालेली गाडी त्यांवरून पोट न खरचटता पार व्हावी. वसाहतींच्या कल्याण मंडळांनी स्वयंस्फूर्तीने बांधलेले गतिरोधक शास्त्रोक्त नसतात हे मला मान्य आहे, पण त्यांच्यासाठी टायर बदलण्यापेक्षा मंडळ बदलणे स्वस्त पडेल.

माझा एक भाचा गुडगावला संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. वृत्तीने सालस, पगाराने संपन्न आणि रविवारी सकाळी रिकामा. त्याने थार घेतली, ते सर्वांनाच आवडले. काही महिन्यांनी त्याने तिला ‘लिफ्ट’ केली, म्हणजे स्प्रिंगा आणि शॉक अब्सॉर्बर बदलून तिचे धड चाकांपासून दोन इंच वर उचलून घेतले. ह्या शस्त्रक्रियेनंतर गाडी दारात उभी राहिली तेव्हा तो बराच वेळ तिच्याभोवती फिरला आणि मग खिन्न स्वरात म्हणाला, “मामा, तुम्हाला टायर बारके नाही वाटत?”

वाटत होते खरे. धोतर वर खोचले की पिंडऱ्या काटकुळ्या दिसू लागतात, तसा तो प्रकार झाला होता. धड वर गेले आणि चाके होती तेवढीच राहिली; त्यामुळे मधली पोकळी डोळ्यांत भरू लागली, आणि ती पोकळी भरून काढण्यासाठी टायर मोठे करणे आले. टायर मोठे केले म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळविताना ते आतल्या प्लास्टिकला घासू लागतात. म्हणून प्लास्टिक कापणे आले, अगर चाके बाहेर काढण्यासाठी वेगळ्या ऑफसेटची अलॉय चाके वा स्पेसर बसविणे आले. चाके बाहेर आली की चिखल थेट मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडतो, म्हणून फेंडर फ्लेअर आले. एवढे सगळे झाले म्हणजे दोन इंचांची लिफ्ट आता कमी वाटू लागते. नालेसाठी घोडा घेणाऱ्या मूर्खाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली. येथे घोडा आधीच दारात आहे, आणि नाला सारख्या मोठ्या होत चालल्या आहेत.

टायर पाहण्यासाठी तो मला बरोबर घेऊन गेला, कारण मी हिशेबाचा पक्का आहे असा आमच्या घराण्यात समज आहे. दिल्लीत वाहनांच्या अवयवांसाठी काश्मिरी गेट, सजावटीसाठी करोलबाग आणि मोडीत निघालेल्या सांगाड्यांसाठी मायापुरी, अशी कामाची वाटणी पूर्वापार चालत आली आहे. करोलबागेतील ज्या दुकानात आम्ही शिरलो तेथे टायरांच्या चळती छतापर्यंत रचलेल्या होत्या आणि रबराचा तो एक विशिष्ट नवा वास असा काही दरवळत होता की भाच्याच्या चेहऱ्यावर गाभाऱ्यात शिरल्याचा भाव उमटला. दुकानदाराने प्रथम आम्हांस चहा पाजला आणि मग विचारले, “सर, काम क्या है? दिखाना है या चलाना है?”

सबंध विषयावर ह्याहून मर्मग्राही प्रश्न मी अद्याप ऐकलेला नाही. भाच्याने स्वाभिमानाने ‘चलाना है’ असे उत्तर दिले. दुकानदाराने मान डोलाविली, आणि दाखविण्याचे टायर काढले.

टायरच्या कुशीवर त्याची कुंडली लिहिलेली असते. भाच्याच्या गाडीवरील मजकूर होता 255/65 आर 18. ह्याचा अर्थ असा की टायरची रुंदी 255 मिलिमीटर, त्याच्या कुशीची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के म्हणजे सुमारे 166 मिलिमीटर, आणि ज्या धातूच्या चाकावर तो बसावयाचा त्याचा व्यास 18 इंच. खालची कूस, वरची कूस आणि मधले चाक यांची बेरीज केली म्हणजे 789 मिलिमीटर, अर्थात एकतीस इंच भरतात. म्हणजे कंपनीने गाडी हाती दिली तेव्हाच भाचा एकतीस इंची मनसबदार होता, परंतु त्याला त्याचा पत्ता नव्हता. दुकानदाराने पुढे केलेला टायर 275/70 आर 18 ह्या मापाचा, म्हणजे 842 मिलिमीटरांचा, नेमका तेहतीस इंची. व्यासात 53 मिलिमीटरांची वाढ झाली. पण चाकाचा आस चाकाच्या मध्यात असतो, म्हणून जमिनीपासूनच्या उंचीत त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे 27 मिलिमीटरांची भर पडावयाची. मराठीत सांगावयाचे तर दीड बोट. भाच्याच्या मुद्रेवरून मात्र त्याला स्वर्ग दोनच बोटे उरल्याचे स्पष्ट दिसत होते.

येथे टायरवाल्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती खरी आहे आणि लिफ्टवाले ती सहसा सांगत नाहीत. लिफ्टने गाडीचे धड उंच होते. मागील आसाच्या मधोमध जो डिफरन्शियलचा लोखंडी गोळा लोंबत असतो, तो तेथेच राहतो. दगडावर आधी आपटतो तो हा गोळा. त्याला वर उचलण्याचा उपाय एकच, तो म्हणजे मोठे चाक. तेव्हा दगडांत जाणाऱ्यासाठी ते दीड बोट मौल्यवान असते, यांत संशय नाही. दरवर्षी पावसाळ्यात गोव्यात जी रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची शर्यत 2014 पासून भरते, तीत तांबड्या चिखलात आसापर्यंत रुतलेल्या गाड्या पाहिल्या म्हणजे मोठ्या टायरचा अर्थ कळतो. तेथे त्याला काम आहे. सायबर हबच्या दारात गाडी लावून कॉफी पिण्यास जाणाऱ्या माणसाचा डिफरन्शियल कोणता दगड हेरून बसला आहे, एवढेच मला कळत नव्हते.

परंतु मोठे चाक केवळ उंचीच देऊन थांबत नाही; ते गाडीचे सारे दफ्तर बदलून टाकते. चाक मोठे झाले म्हणजे एका फेऱ्यात गाडी पूर्वीपेक्षा अधिक जमीन तोडते. गाडीतील वेगदर्शक काट्याला मात्र ह्या फेरबदलाची कोणी इत्तला दिलेली नसते. आमच्या हिशेबाने फरक जवळजवळ सात टक्क्यांचा. काटा साठ दाखवीत असतो तेव्हा वेग पूर्वीच्या मानाने चौसष्ट झालेला असतो, आणि ऐंशीवर असतो तेव्हा पंच्याऐंशी. कारखान्यातून येणारे काटे मुळात थोडा अधिक वेग दाखवितात, म्हणून हा दोष अंशतः झाकला जातो, हे खरे. पण दिल्लीच्या रिंग रोडवर खांबाखांबांवर बसविलेले सरकारी कॅमेरे गाडीचा काटा पाहत नाहीत, ते गाडी पाहतात. उलटपक्षी प्रवासाची नोंद ठेवणारे यंत्र दहा हजार किलोमीटर लिहिते तेव्हा गाडी सुमारे दहा हजार सातशे चाललेली असते. गाडी विकतेवेळी ह्या गफलतीचा लाभ होतो असे दुकानदाराने खाजगीत सांगितले, आणि भाच्याने ते ऐकले नाही असे दाखविले.

इंजिनाच्या बाबतीतही तोच प्रकार. चाकाची त्रिज्या वाढली की तेवढ्याच प्रमाणात जमिनीवरची ओढ घटते, म्हणजे ज्या चढावासाठी हा सर्व उपद्व्याप केला तोच चढाव आता इंजिनास अधिक जड जातो. ह्यावर उपाय म्हणजे डिफरन्शियलमधील दातेरी चक्रांचे गुणोत्तर बदलणे. पण त्याची किंमत ऐकल्यावर बहुतेक मनसबदार चढावच टाळतात. टायर स्वतः वजनदार, म्हणून ब्रेकना अधिक श्रम, डिझेल अधिक. पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी, थारच्या मागच्या दाराला टांगलेली असते. ती थोरली केली की दाराचे बिजागर कालांतराने कुरकुरू लागतात. थोरली न केली, तर पंक्चरच्या वेळी तीन चाके तेहतीस आणि एक एकतीस अशा लंगड्या मनसबीने घरी यावे लागते. एकेक टायर वीस-पंचवीस हजारांच्या घरात. पाच घेतले की लाखाच्या वर. एवढ्या रकमेत पूर्वी पुण्यात लोक बंगल्याचा पाया घालीत, पण ते असो.

मग टायरची जात. एच.टी. हा डांबरी रस्त्याचा टायर, शांत व सोशिक. ए.टी. हा सर्व भूमींवर चालणारा, मध्यममार्गी. एम.टी. हा चिखलाचा, त्याच्या ठोकळ्यांमध्ये एवढ्या रुंद चरी की त्यांत मांजराने पिले ठेवावीत. चिखलात ह्या चरी स्वतःला झटकून साफ करतात, हा त्यांचा खरा गुण. डांबरावर मात्र त्या गातात. ताशी ऐंशीच्या पुढे हे गान असे काही टिपेला जाते की मोटारीत बसलेल्या माणसांना एकमेकांशी बोलण्यासाठी वेग कमी करावा लागतो. शिवाय ओल्या गुळगुळीत रस्त्यावर त्यांची पकड ए.टी.पेक्षा कमी पडते, ही गोष्ट विक्रेते आवाज खाली आणून सांगतात. भाच्याला अर्थातच एम.टी. हवे होते.

“अरे, पण चिखल कुठे आहे?” मी विचारले.

“मामा, पावसाळा आहे ना.”

ह्या उत्तरास मी निरुत्तर व्हावे अशी त्याची अपेक्षा असावी. आणि खरोखरच, राजधानी परिसरातील पावसाळा हा मोठ्या टायरच्या बाजूने सांगता येण्याजोगा सर्वांत बळकट पुरावा आहे. 28 जुलै 2016 रोजी गुडगावात हीरो होंडा चौकापासून महामार्ग असा काही तुंबला की लोकांनी रात्र मोटारींत काढली. शहराचे नाव गुरुग्राम केल्यास थोडेच महिने झाले होते, तेव्हा विनोदी मंडळींनी लगेच ‘गुरुजाम’ हे तिसरे नाव ठेवले. 13 जुलै 2023 रोजी यमुनेने 208.66 मीटरांची पातळी गाठून 1978 चा 207.49 मीटरांचा उच्चांक मोडला आणि पाणी लाल किल्ल्याच्या तटाशी येऊन भिडले. मिंटो ब्रिजखालच्या रस्त्यावर तर छपरापर्यंत बुडालेली बस ही वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांस पहिल्या मोठ्या पावसाची पोच म्हणूनच ठाऊक आहे. वरच्या रेल्वे स्थानकाचे नाव शिवाजी ब्रिज असे आहे, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब. खाली जे तुंबते त्याला लोक अद्याप मिंटोचेच नाव देतात, हीही एका परीने आपली सोयच म्हटली पाहिजे.

तथापि पाण्याचा आणि टायरचा संबंध लोक समजतात तसा नाही. गाडी पाण्यात बंद पडते ती इंजिनाने श्वासाबरोबर पाणी ओढल्यामुळे. हवा आत घेण्याचे तोंड किती उंचावर आहे, यावर सगळे अवलंबून. थारला कंपनीने 650 मिलिमीटर पाण्याची मुभा दिली आहे; दीड बोट वाढविल्याने तीत असा कोणता जमीन-अस्मानाचा फरक पडतो? आणि जेथे बस बुडते तेथे तेहतीस इंची काय अन् पस्तीस इंची काय, दोन्ही मनसबी सारख्याच जलसमाधिस्थ. उलट रुंद टायरांत हवा अधिक असल्याने वाहत्या पाण्यात हलकी गाडी उचलली जाण्याचा संभव वाढतोच.

पाण्यातून पार होण्याचा ह्या भागातील सर्वांत मोठा प्रयोग 1760 सालच्या ऑक्टोबरच्या अखेरीस झाला, आणि त्याची किंमत आम्ही दिली. यमुनेचा पूर अजून ओसरलेला नाही, तेव्हा अब्दाली ती ओलांडू धजणार नाही, असा अंदाज भाऊसाहेबांच्या छावणीत होता. अब्दालीने दिल्लीच्या उत्तरेस बागपताजवळ उतार शोधून काढला आणि काही माणसे गमावून का होईना, सबंध सैन्य अलीकडे आणले. आमच्याजवळ अवजड तोफखाना होता, बाजारबुणगे होते, उंची तंबू होते. उताराची माहिती तेवढी त्यांच्याकडे होती. बागपत आजमितीस राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. तेव्हा ह्या क्षेत्रात नदी ओलांडणाऱ्याने सामानाची थोरवी पाहू नये, पाण्याची खोली पाहावी, एवढे ज्ञान निदान मराठी माणसास टायरच्या दुकानात जाऊन घेण्याचे कारण नाही.

आता सरकार ह्याविषयी काय म्हणते? मनसबदार भाड्याने आणलेले तट्टू आपले म्हणून दाखवीत, ही लबाडी दिल्लीच्या सुलतानांस पूर्वीच उमगली होती. म्हणून अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांची चेहरेपट्टी दफ्तरी नोंदविण्याची रीत घालून दिली आणि अकबराने तिचे पुनरुज्जीवन केले. आजचे नोंदणीपत्र ही चेहरेपट्टीच होय, आणि सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक हा डाग. मोटार वाहन अधिनियम 1988 ह्याचे कलम 52 असे सांगते की कारखानदाराने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाने करू नये; आणि 9 जानेवारी 2019 रोजी केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने 182-अ हे कलम घातले गेले, ज्यात अशा प्रत्येक फेरबदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तजवीज आहे. ‘प्रत्येक फेरबदलास’ हे शब्द वाचून भाच्याने बोटांवर काहीतरी मोजण्यास आरंभ केला आणि दुसऱ्या हातापर्यंत आल्यावर तो थांबला. दुकानदाराचे म्हणणे असे की पकडत कोणी नाही. असेलही, परंतु अपघातानंतर विम्याचा माणूस येतो तेव्हा तो चेहरेपट्टी वाचूनच बोलतो.

ह्याच संदर्भात राजधानीचा आणखी एक नियम मौजेचा आहे. डिझेलच्या गाडीस ह्या परिसरात दहा वर्षांचे आयुष्य हरित न्यायाधिकरणाने ठरवून दिले आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. त्या आदेशाच्या अंमलबजावणीत नंतर बऱ्याच उलटसुलट गोष्टी झाल्या. पण चिखलासाठी घेतलेला टायर चिखल न पाहता झिजावा आणि वाळवंटासाठी घेतलेली गाडी वाळवंट न पाहता वयोमानपरत्वे निवृत्त व्हावी, हा क्रम येथे कोणालाही करुण वाटत नाही.

मला राहून राहून आठवतात त्या आमच्या वडापच्या जीपा. पश्चिम महाराष्ट्रात ज्याने बालपण घालविले, त्याला ह्या शब्दाची फोड करून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धातली मूळ जीप ज्या चाकांवर युरोपभर फिरली, ती जेमतेम सहा इंच रुंदीची आणि अठ्ठावीस इंचांच्या आसपास उंचीची होती. युद्धानंतर मुंबईस महिंद्रांनी त्या जीपा जुळविण्यास सुरुवात केली आणि तिची पुत्रपौत्रादी संतती आमच्या तालुक्यांतून पसरली. मामलेदार त्यांत बसून आणेवारी पाहावयास येत, साखर कारखान्याचे चेअरमन त्यांत बसून ऊस पाहावयास येत, आणि सरकारदरबारी त्यांची उमेद संपली की त्या वडापला लागत. मग नक्षी पार गुळगुळीत झालेल्या अरुंद टायरांवर, आत मावतील तेवढे आणि बाहेर लोंबतील तेवढे असे उतारू, दोन शेळ्या, एक नवरदेव आणि टपावर गुळाच्या ढेपा घेऊन, ओढ्याच्या पात्रातून, घाटाच्या कच्च्या वाटेने, ड्रायव्हर एका हाताने तंबाखू मळीत ती जीप नेत असे. त्याला डावे चाक कोणत्या दगडावर ठेवावयाचे हे ठाऊक होते. ‘ऑफ-रोडिंग’ हा शब्द त्याच्या कानावरून गेलेला नव्हता, कारण ज्याला सोडून बाजूला जावे असा रोडच त्या भागात नव्हता.

भाच्याच्या मंडळींचे रविवारचे प्रयाण मी एकदा पाहिले. अरवलीच्या ज्या टेकड्या हरियाणात 1900 सालच्या भूमिसंरक्षण कायद्याखाली राखल्या आहेत, तेथे चाके घालणे उचित नव्हे, हे त्या सुशिक्षित तरुणांस मान्य होते. म्हणून पहाटे सर्व मनसबदार उत्तरेकडे राष्ट्रीय महामार्ग 44 ने, आठ पदरी गुळगुळीत डांबरावरून, टायरांचे समूहगान ऐकत मुरथल येथे पराठे खाण्यास गेले. तेथील ढाब्यांपैकी एकाच्या मागे गाड्या लावण्याची जागा मातीची आहे. तीत आदल्या रात्रीच्या पावसाने चांगला घोटाभर चिखल झाला होता. तेथे सर्वांनी गाड्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये घातल्या, छायाचित्रे काढली, आणि शेजारून एका गवळ्याने आपली दुधाच्या किटल्यांची मोटारसायकल त्याच चिखलातून सावकाश बाहेर काढली.

त्या मेळाव्यात एक निवृत्त लष्करी अधिकारी होते. त्यांची जिम्नी मूळच्याच 195 मिलिमीटर रुंदीच्या टायरांवर होती, आणि तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. राजस्थानच्या वाळूत बरीच वर्षे काढलेल्या ह्या गृहस्थांना मी त्यांचे रहस्य विचारले. ते म्हणाले, वाळू लागली की थांबायचे, खाली उतरायचे आणि चाकांतली हवा निम्मी सोडून द्यायची. बत्तीसची सोळा केली म्हणजे टायर पसरतो, जमिनीवर त्याचा ठसा लांबतो, वजन वाटले जाते आणि जी गाडी मघाशी रुतत होती ती चालू लागते. परत डांबरावर आले की हवा भरायची. ह्याला खर्च काहीच नाही. फक्त कमीपणा वाटून न घेता हवा सोडावी लागते, आणि दिल्लीत तेवढेच काय ते अवघड असल्याचा त्यांचा अनुभव होता.

ज्याला हे सर्व वाचूनही करोलबागेत जावयाचेच असेल त्याने जरूर जावे. परंतु जाण्यापूर्वी ज्या तळघरात गाडी ठेवावयाची त्याच्या तोंडावरील उंचीची पाटी वाचून घ्यावी, कारण रॉक्सची उंची मुळातच 1,923 मिलिमीटर असून दोन इंचांची लिफ्ट, दीड बोटाचे टायर आणि टपावरचे कॅरियर यांची बेरीज पुष्कळ ठिकाणच्या दोन मीटर दहाच्या पाटीवर आदळते, आणि नदी ओलांडणारी गाडी बाहेर उन्हात राहून मालक सामान डोक्यावर घेऊन खाली उतरतो. घ्यावयाचे असतील तर कंपनीने त्या गाडीस दिलेल्या मापाचेच, ए.टी. जातीचे, एकाच वेळी पाच टायर घ्यावेत. कुशीवरचा चार अंकी आकडा पाहावा, त्यातील पहिले दोन अंक टायर तयार झाल्याचा आठवडा व पुढील दोन साल सांगतात. आणि बिलासोबत हवा मोजण्याचा एक चांगला काटा मागून घ्यावा. दुकानदाराने तो फुकट दिला नाही तरी पाचशे रुपयांच्या आत मिळतो.